पाणीवाल्या बाईंच्या आठवणी नोंदवताना : मौखिक इतिहासाचं सविस्तर मार्गदर्शन

गोरेगावच्या पाणीप्रश्नावर लढून ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचा जन्म २४ जून १९२८चा, म्हणजे २०२८च्या जूनमध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतील. भाषणं होतील, विशेषांक निघतील, ते व्हायलाच हवं. पण त्यांच्याबरोबर रिकामे हंडे घेऊन पाण्यासाठी भांडलेल्या, महागाईविरोधी मोर्चात लाटणं उंचावून चाललेल्या बायका काही विशेषांकात लेख लिहिणार नाहीत. १९७२ साली तिशीत असलेली बाई आज ऐंशीच्या पुढे आहे. तिच्याकडे जायचं तर शताब्दीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

मौखिक इतिहासाचं हे काम, म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून जपणं, इतिहासाच्या प्राध्यापकांनीच करावं असं काही नाही. एखादं महिला मंडळ, कॉलेजातले दोघे-तिघे विद्यार्थी, आजीच्या गोष्टी ऐकत वाढलेली नात, कोणालाही ते करता येतं. पद्धत मात्र नीट असावी लागते. इथे मी मृणालताईंचं उदाहरण धरून चाललो आहे. अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी किंवा तुमच्या तालुक्यातली पहिली नगराध्यक्ष, कोणासाठीही वाट हीच आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ताईंबद्दल विचारायला गेलात तर ताईंचं कौतुक मिळेल, इतिहास मिळणार नाही. समोरच्या बाईला तिच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारा. त्या आयुष्यात ताई कधी आल्या, कशा आल्या, त्यांच्यामुळे काय हललं, हे मग आपोआप सांगितलं जातं आणि ते खरं असतं.

आधी एक लढा निवडा

मृणालताईंचं राजकीय आयुष्य पन्नास वर्षांहून मोठं. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. १९६१मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, १९७२मध्ये विधानसभेत गेल्या, १९७७मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत. १९८५मध्ये पुन्हा विधानसभा, तिथे विरोधी पक्षनेतेपद. गर्भलिंगनिदानावर बंदी आणण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडलं आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशाचा कायदा त्यानंतर १९९४मध्ये आला. गोरेगावात ‘स्वाधार’ हे संकटातल्या स्त्रियांसाठीचं केंद्र, बाबूराव सामंतांबरोबर नागरी निवारा परिषद, दिंडोशीला सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी उभी राहिलेली हजारो घरं, नंतर नर्मदेवरची धरणं आणि एन्रॉनचा वीजप्रकल्प यांविरुद्धची आंदोलनं.

हे सगळं एकदम घ्यायला गेलात तर हाती काही लागत नाही. एक धागा धरा. ‘१९६०च्या दशकातला गोरेगावचा पाणीप्रश्न’, ‘१९७२ ते ७५ची महागाईविरोधी चळवळ’ किंवा ‘नागरी निवाऱ्याची घरं मिळेपर्यंतची वर्षं’. पहिल्यांदाच करत असाल तर आठ-दहा मुलाखतींत मावेल एवढंच घ्या. दहा मुलाखती चांगल्या करून, लिहून काढून, जपून ठेवल्या तर ते पुष्कळ झालं. पन्नास मुलाखती करून फायली कुठल्यातरी हार्डडिस्कमध्ये पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

वाचन आणि तारखांचा तक्ता

मुलाखतीला कोऱ्या मनाने जायचं हा सल्ला मला पटत नाही. बाई जे सांगते आहे त्याला धरून पुढचा प्रश्न विचारायचा तर काळ माहीत हवा. एका मोठ्या कागदावर तीन रकाने करा: देशात काय चाललं होतं, मुंबईत काय, आणि वस्तीत काय. पहिला रकाना पुस्तकांतून भरतो, दुसरा जुन्या वर्तमानपत्रांतून. ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘साधना’ यांचे त्या वर्षांचे अंक जुन्या ग्रंथालयांत मिळतात. विधानसभेतली भाषणं हवी असतील तर सभागृहाच्या कामकाजाचे छापील खंड आहेत. तिसरा रकाना रिकामा राहतो. तुम्ही निघालात तो तोच भरायला.

एक उदाहरण घ्या. आज गोरेगाव मुंबईच आहे. पण जोगेश्वरीच्या पुढचा दहिसरपर्यंतचा पट्टा महापालिकेच्या हद्दीत आला तो १९५७मध्ये. तेव्हा त्या पिढीची बाई ‘गावात तेव्हा विहिरी होत्या’ म्हणाली तर ती माहेरबद्दल बोलते आहे की गोरेगावबद्दल, हे विचारून घ्यावं लागतं. आणि महापालिकेत आल्यावरही नळ आणि पाणी लगेच आलं नाही, ही तक्रार पुढच्या सगळ्या आंदोलनाच्या मुळाशी आहे.

तसंच १९७२चं. राज्यात भीषण दुष्काळ, रेशनवर धान्य कमी, तेल, साखर, रॉकेल मिळेना. तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एका छत्राखाली आल्या: महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिलाताई, तारा रेड्डी. लाटणं हे या आंदोलनाचं निशाण झालं आणि ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. पक्ष वेगळे, पण स्वयंपाकघर सगळ्यांचं सारखंच अडलेलं. एवढं माहीत असलं की ‘तुमच्या इमारतीत थाळी कोणी वाजवली नाही?’ हा प्रश्न सुचतो, आणि तो फार कामाचा प्रश्न आहे.

कोणाकडे जायचं

पहिली यादी सोपी. गोरेगावातलं केशव गोरे स्मारक, जुने समाजवादी कार्यकर्ते, राष्ट्र सेवा दलातली माणसं यांच्याकडून आठ-दहा नावं सहज मिळतात. अडचण अशी की ही बहुतेक माणसं बोलायला सरावलेली असतात. त्यांनी या आठवणी सभांमधून अनेकदा सांगितलेल्या असतात आणि सांगून सांगून त्या गुळगुळीत झालेल्या असतात. त्यांच्याकडे जाच, पण तिथे थांबू नका. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा, ‘तुमच्याबरोबर आणखी कोण असायचं? जिचं नाव कुठेच छापून आलं नाही अशी कोण?’

मग मोर्चाच्या पलीकडच्या बाजूची माणसं शोधा. महापालिकेच्या पाणी खात्यात तेव्हा नोकरीला असलेला माणूस. बंदोबस्ताला उभा असलेला निवृत्त हवालदार. रेशन दुकानदार. त्याच वॉर्डातल्या काँग्रेसच्या कार्यकर्त्या. मोर्चाला गेलेल्या बायकांचे नवरे आणि तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं. आई मोर्चाला गेली की संध्याकाळी भात कोणी लावला, हे आईपेक्षा मुलीला जास्त आठवतं.

आणि एक पाहा: तुमच्या यादीतल्या सगळ्या बायका एकाच चाळीतल्या, एकाच जातीतल्या, एकाच शाळेत शिकलेल्या तर नाहीत ना? मध्यमवर्गीय सोसायटीला पाणी हवं होतं आणि झोपडपट्टीलाही हवं होतं, पण दोघींच्या रांगा वेगळ्या होत्या. दोन्ही रांगा तुमच्या संग्रहात यायला हव्यात.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय

पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करू नका. चहा घ्या, कामाची माहिती द्या, घर पाहा. त्यांना ऐकायला कितपत येतं, दुपारी झोपायची सवय आहे का, सूनबाईंना आपल्या येण्याची अडचण वाटते का, हे त्या भेटीत कळतं. समोरच्यांना काय म्हणायचं हेही तिथेच ठरतं. कोणाला ‘काकू’ आवडतं, कोणाला ‘मावशी’, आणि जन्मभर संघटनेत काम केलेल्या बाईंना बहुतेकदा ‘ताई’च हवं असतं. जुने फोटो, पत्रकं, वर्तमानपत्राची कात्रणं काढून ठेवायला सांगा. रेशनकार्ड जुनं असेल तर तेही.

संमतीचा कागद याच भेटीत वाचून दाखवा. सोप्या मराठीत, एका पानाचा. त्यात एवढं तरी असावं: मुलाखत कशासाठी आहे, रेकॉर्डिंग कुठे ठेवलं जाईल, कोणाला ऐकता येईल, इंटरनेटवर टाकायचं की नाही, नाव द्यायचं की बदलायचं, एखादा भाग काही वर्षं बंद ठेवायचा का, आणि विचार बदलला तर कोणाला कळवायचं. सही दोनदा घ्या, एकदा मुलाखतीआधी आणि एकदा मुलाखत झाल्यावर. कारण आपण काय बोलून जाणार आहोत हे आधी कोणालाच माहीत नसतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती आवाजात नोंदवा, आणि घरातल्या कोणासमोर तरी नोंदवा. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे राहिली पाहिजे.

आवाजाची तयारी

महागडं यंत्र लागत नाही. चांगला फोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका. फाईल शक्यतो डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी घ्या. एका माइकच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. दुसरा एखादा फोन शेजारी चालू ठेवा, एक बंद पडला तर दुसरा असतो.

खोली निवडणं जास्त महत्त्वाचं. पंखा बंद करता येईल अशी वेळ घ्या, रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर बरं. कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, समोरच्या शाळेची मधली सुट्टी यांचा अंदाज घ्या. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीच न बोलता खोलीची शांतता नोंदवून घ्या, नंतर आवाज स्वच्छ करताना ती लागते. मग स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, दोघांची नावं सांगा. फाईलचं नाव बदललं, कागद हरवला, तरी एवढं आवाजात राहतं.

ऐंशीच्या बाईला दीड तासाच्या वर बसवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. दुसऱ्या बैठकीत अनेकदा जास्त मिळतं, कारण मधल्या रात्री त्यांना आठवत राहिलेलं असतं.

प्रश्न

‘मृणालताई फार धाडसी होत्या ना?’ या प्रश्नाला ‘हो तर!’ एवढंच उत्तर येतं. ज्याचं उत्तर प्रश्नातच आहे, तो विचारायचा नाही. ‘चळवळीतलं तुमचं योगदान सांगा’ हाही वाईट प्रश्न. सामान्य बाई त्यावर लगेच म्हणते, ‘माझं कसलं योगदान, आम्ही नुसत्या जायचो.’ आणि तिथेच दार बंद होतं.

त्याऐवजी दिवसाबद्दल विचारा. नळाला पाणी किती वाजता यायचं? त्यासाठी घरातलं कोण उठायचं? रांगेत भांडणं कशावरून व्हायची? पाण्याच्या दिवसात पाहुणे आले तर काय करायचात? ताईंना पहिल्यांदा कुठे पाहिलंत, त्या तेव्हा काय करत होत्या? मोर्चाला जायचं हे घरात कोणाला सांगितलं आणि कसं? गाडीभाडं कोणी दिलं? लाटणं घरातलंच नेलं होतं का? पिशवीत घालून नेलं की हातात? पोलिसांनी गाडीत घातलं तेव्हा शेजारी कोण बसली होती? परत आल्यावर सासूबाई काय म्हणाल्या? त्यानंतर वस्तीत तुमच्याशी कोणी वेगळं वागलं का?

असे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण ‘स्त्रिया मोठ्या संख्येने सहभागी झाल्या’ या छापील वाक्याच्या आत काय होतं ते यांतूनच कळतं. कोणाच्या सासूने मुलं सांभाळली म्हणून ती जाऊ शकली, कोणी खोटं सांगून गेली, कोण जाऊच शकली नाही. मृणालताईंचं राजकारण स्त्रीवादी होतं म्हणजे काय, याचा पुरावा मला तरी ठरावांपेक्षा इथे जास्त सापडतो.

एक प्रश्न प्रत्येक मुलाखतीत ठेवा: ‘ताईंचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटलं नाही?’ सुरुवातीला बोलणारीला संकोच वाटेल. थांबा. मतभेद नोंदवल्याने कोणी लहान होत नाही, उलट ज्या नेत्याशी वस्तीतली बाई वाद घालू शकत होती तो नेता कसा होता हे त्यातून दिसतं.

बोलण्यात हात फार असतात, आणि रेकॉर्डरला हात दिसत नाहीत. आजी म्हणतात, ‘एवढा हंडा, आणि तो इथून तिथपर्यंत न्यायचा.’ तेव्हा तुम्ही हळूच म्हणायचं, ‘म्हणजे कमरेएवढा? आणि इथून म्हणजे स्टेशनपासून?’ त्या म्हणतील, ‘छे, कमरेएवढा कसला, गुडघ्याच्या जरा वर. आणि स्टेशन नाही, विहिरीपासून.’ झालं, माप मिळालं. थाळी कशी वाजवायचो हे दाखवायला त्या उठल्याच, तर वाजवू द्या. फक्त माइक आधी दोन हात लांब करा, नाहीतर तो आवाज नुसता फाटतो. त्या पळीने वाजवतात की लाटण्याने, एकसारखं की ठेक्यात, हे सगळं नोंदण्यासारखं आहे. घोषणा आठवत असतील तर म्हणायला सांगा, पुटपुटत नाही, मोर्चात म्हणायच्या तशा.

आणि गप्प बसायला शिका. बाई बोलता बोलता थांबली की आपल्याला पुढचा प्रश्न टाकायची घाई होते. दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक वेळा सात-आठच्या आसपास ती पुन्हा बोलायला लागते, आणि ते तिने आधी कधी सांगितलेलं नसतं.

आठवण आणि तारीख जुळत नाही तेव्हा

१९७७ची घोषणा अनेकांना पाठ आहे: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’ त्या निवडणुकीत मृणालताई निवडून आल्या आणि रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या. आता घोषणेच्या शब्दांकडे पाहिलं तर ती निकालानंतरची वाटते. पण एखाद्या काकू तुम्हाला ठामपणे सांगतील की आम्ही ती प्रचारात दिली. तिथल्या तिथे ‘नाही हो काकू, तसं नसणार’ म्हणून त्यांना दुरुस्त करू नका. विचारा, ‘तुम्ही कुठे उभ्या होतात? कोणी पहिल्यांदा म्हटली? अंगावर काय होतं, उन्हाळा होता का?’ नंतर तक्त्याशी ताडून पाहा आणि टिपेत लिहा.

इटलीतले मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादाच्या गावात हेच पाहिलं. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातले अनेक कामगार तो १९५३मध्ये, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला असं सांगत. पोर्तेल्लींनी ही चूक म्हणून फेकून दिली नाही. त्या मृत्यूला लोकांना जो अर्थ द्यायचा होता तो त्या चुकीतून दिसत होता. आपल्याकडेही वेगवेगळ्या वर्षांचे मोर्चे एकाच मोर्चात मिसळलेले आढळतील. दोन्ही गोष्टी ठेवा: कागद काय म्हणतो आणि बाई काय म्हणते. फक्त त्या एकमेकींत मिसळू नका.

आणीबाणीबद्दल विचारताना

जून १९७५ ते मार्च १९७७ हा काळ अनेकींच्या आयुष्यातला अवघड काळ आहे. मृणालताई भूमिगत राहिल्या, नंतर त्यांना अटक झाली, तुरुंगवास झाला. त्यांना घरात लपवणारी, निरोप पोचवणारी माणसं होती, आणि भीतीने दार न उघडणारीही होती. दोघांकडेही जावं लागेल. दार न उघडलेल्या माणसाला न्यायाधीशासारखं विचारू नका. ‘तेव्हा घरात कोण कोण होतं, नोकरी कुठे होती?’ इथून सुरू करा.

रडू आलं तर रेकॉर्डर बंद करायचा का, हे तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. काही जणी ‘चालू राहू दे’ म्हणतात. मारहाण, घर सोडावं लागणं, कुटुंबातली फूट असं काही बोललं गेलं, तर संध्याकाळी फोन करून चौकशी करा. तिसऱ्या कोणावर गंभीर आरोप झाला असेल तर तो भाग लोकांसाठी खुला करण्याआधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

लिहून काढणं

एका तासाच्या बोलण्याला लिहायला सहा-सात तास लागतात, सवय नसेल तर जास्त. आवाजावरून मजकूर करणारी सॉफ्टवेअर मराठीतही आहेत, पहिल्या खर्ड्याला त्यांची मदत घ्या. पण माणसांची, गल्ल्यांची नावं आणि बोलीतले शब्द त्यांना झेपत नाहीत, त्यामुळे पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत तपासावंच लागतं.

बोली ‘सुधारू’ नका. गोरेगावात मालवणीही होती, घाटावरची मराठीही, आगरी, कोळी, गुजराती, मुंबईची हिंदीही. ती ‘गेलंव’ म्हणाली तर ‘गेलो’ लिहू नका. हसणं, थांबणं, घरातल्या कोणाचं मध्ये बोलणं चौकटी कंसात टाका. दर पाच मिनिटांनी वेळेची खूण करा, म्हणजे कोणालाही मजकुरावरून मूळ आवाजाकडे जाता येईल. खर्डा झाला की त्यांना वाचून दाखवा. त्यांनी दुरुस्ती सांगितली तर मूळ वाक्य न खोडता खाली टीप द्या. एखादं वाक्य काढायला सांगितलं तर काढा, वाद घालू नका.

जपणं आणि परत देणं

मूळ फाईलला हात लावायचा नाही. काटछाट करायची ती प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी. फाईलच्या नावात तारीख, ठिकाण आणि क्रमांक असू द्या. ‘नवीन रेकॉर्डिंग ३’ अशा नावाची फाईल दोन वर्षांनी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. प्रत्येक मुलाखतीबरोबर एक पानाची माहिती: कोण, वय, कोणत्या विषयांवर बोलल्या, कोणत्या मिनिटाला काय, संमतीच्या अटी काय.

कायमचं घर कुठे द्यायचं हे काम सुरू करतानाच ठरवा. मुंबईत ‘स्पॅरो’ हा स्त्रियांच्या आयुष्याचा आवाज आणि चित्ररूपी संग्रह १९८८पासून काम करतो आहे, अशा संस्थेशी आधी बोलून त्यांच्या अपेक्षा समजून घ्या. पण एक प्रत वस्तीतही राहू द्या: स्मारकात, शाळेत, वाचनालयात, जिथे त्या बाईची नात चालत जाऊन ऐकू शकेल.

बोलणारीच्या घरी पेनड्राइव्ह देऊन सुटका करून घेऊ नका. बहुतेक घरांत तो लावायला काही नसतं. नातवाच्या फोनवर फाईल घालून द्या आणि एकदा तिथे बसून लावून दाखवा.

मृणालताई १७ जुलै २०१२ला गेल्या. त्या दिवसाच्या सुमारास गोरेगावात, दिंडोशीत एखाद्या सभागृहात ऐकण्याचा कार्यक्रम ठेवता येतो. भाषण नको, पाहुणे नकोत, चार-चार मिनिटांचे निवडक तुकडे आणि मध्ये लोकांना बोलायला वेळ. ऐकताना कोणीतरी हमखास उठतं आणि म्हणतं, तो मोर्चा असा नव्हता, मी होते तिथे. दाराशी एक वही ठेवा: नाव, फोन, कोणत्या वर्षी कुठे राहत होतात, कशात होतात. पुढच्या मुलाखतींची यादी त्या वहीत तयार होते, आणि त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंकडे त्याच आठवड्यात जा.